सगळ्यात सावकाश चालणारी पुढे

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तू गेलीस. मी कसालच्या थांब्यावर उभी होते. आपल्या मंडळातल्या बाबलचा फोन आला. त्याने सांगितलं, मी ऐकलं. गाडी आली. मी चढले, कणकवलीला उतरले, कॉलेजात गेले, ग्रंथालयाचं कुलूप काढलं आणि खुर्चीवर बसले.

सुलूताय, त्याला आज एकवीस दिवस झाले. लिहायला मला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. चालायलाही लागतो, आणि तेच तर सगळ्याचं मूळ आहे. तेराव्यापर्यंत तुझ्या घरापुढच्या खळ्यात माणसं बसून होती. प्रत्येक जण तुझं काही ना काही सांगत होता. किती वर्षं कंडक्टर होतीस, डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ कधी काढलंस, किती किल्ले चढलीस. ते सगळं मंडळाच्या फलकावर लावलं आहे, मी पुन्हा लिहिणार नाही. मला तुझ्याशी दमावंदच्या चढाईबद्दल बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, आणि एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही.

आपली ओळखच माझ्या चुकीने झाली. मी गाडीत पुस्तक वाचत होते आणि कणकवली मागे पडली. तू माझ्या डोक्यावर उभी राहिलीस.

"काय गो बाये, हुंबरट इला. तुका कणकवलेक उतरूचा होता मां?"

मी गोंधळून उठले. तू मला उतरू दिलं नाहीस. समोरून येणारी गाडी थांबवलीस, त्या कंडक्टरला ओरडून सांगितलंस, "हिका कणकवलेक उतरव, आणि पुस्तक काडून घे हातातला." दुसऱ्या दिवसापासून माझी जागा तुझ्या शेजारी ठरली. तू स्वतः कधी पुस्तक उघडलं नाहीस, पण रोज विचारायचीस, "मगे? त्या माणसाचा पुढे काय झाला?" मी कसाल ते कणकवली तुला पुस्तकं सांगत असे. माझं नाव तू लायब्ररी ठेवलंस, आणि मंडळातही तेच चिकटलं. एकदा म्हणालीस, "इतकी बसान रवतंस ती. रयवारी डोंगरार ये."

मी आले. पहिल्याच चढणीवर दर दहा पावलांना थांबू लागले. मला मागे सोडून सगळे निघून जातील, मी एका झाडाखाली बसून वाचत राहीन, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. पिशवीत पुस्तकही होतं. तू मागून आलीस, माझा दंड धरलास आणि रांगेच्या तोंडाशी नेऊन उभी केलीस.

"पुढे चल. हिच्या पुढे कोण जावचो नाय."

बाबल तेव्हा पंचविशीचा. मालवणला पर्यटकांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवायचं काम करणारा, अंगात घोड्याचं बळ. तो म्हणाला, "सुलूताय, हिका पुढे घातलंस तर वरती पोचासर दिवाळी येतली."

"मगे फराळ घेवन चल," तू म्हणालीस.

मला ती शिक्षा वाटली होती. माझा सावकाशपणा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगला आहे असं वाटायचं. घरी येऊन रडलेही होते. तू मात्र तो मंडळाचा नियमच करून टाकलास. सगळ्यात सावकाश चालणारा पुढे, त्याला कुणी ओलांडायचं नाही, आणि सगळ्यांच्या मागे तू. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालीस, "टोपली घेवन धावत येतल्या म्हातारेक सोडून गाडी गेली आणि येळेर पोचली, तर ती पोचली असां मी म्हणणंय नाय." ते मला तेव्हा पटलं नव्हतं. गाडीत चाळीस माणसं बसलेली असतात, त्यांच्या वेळेचं काय, असं मी विचारलं होतं. आपला पहिला वाद तो.

दमावंद मात्र माझ्यामुळे आला. तुला बर्फाचा डोंगर चढायचा होता, पण तुझी अट होती. "नुसत्या थंडीत मी जावचंय नाय. वरती बर्फ आणि पोटात आग, असो डोंगर खंय आसा काय बघ तुझ्या पुस्तकांत." मी ग्रंथालयातला मोठा नकाशासंग्रह काढला. इराणातला तो ज्वालामुखी तुझ्यासमोर ठेवला. पृष्ठभर पांढरा शंकू, आणि टोकाशी धूर.

बाबल वाकून बघत म्हणाला, "नावातच दमा आसा, सुलूताय. हो डोंगर आपल्याक धार्जिणो नाय."

इरफानभाई गप्प बसून होते. मालवणच्या बंदरावर त्यांचा बर्फाचा कारखाना. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "जन्मभर मी बर्फ विकलंय. आता बर्फ बघूक विमानान जातलंय. घरातली हसान हसान मरतली."

आपण सहा जण ठरलो. तू, मी, बाबल, इरफानभाई आणि दोडामार्गचे परब पती-पत्नी, दोघेही शिक्षक, दोघांचं कधी दुमत न झालेलं. समुद्रसपाटीवर राहणाऱ्या माणसांनी बर्फावर चालायचं कुठे शिकावं? तूच वाट काढलीस. इरफानभाईंच्या कारखान्यात लाद्या काढायची वेळ झाली की आपण तिथे हजर. मोठे बूट, बुटांखाली बांधायचे लोखंडी दात, अंगावर जाडजूड कोट, आणि बाहेर मालवणचा मे महिना. लाद्यांवर आपण रांगेत चालायचो, पुढे मी, मागे तू. मासळी भरायला आलेल्या बाया हातातली कामं टाकून बघायच्या.

"अगो सुलू, जास्ती येळ उबी रवा नको थंय! बांगडे समजान पेटयेत भरतलंव तुमका!"

"भर गो," तू ओरडायचीस, "पण वरती सुरमयेचो भाव लाव!"

इतकी हसायचीस की पाय घसरायचा. एवढ्या वर्षांत मी तुला घसरून पडलेलं फक्त तिथेच पाहिलं.

आणि मग तो नारळ. तो नारळ तू परड्यातल्या माडाचा काढलास, सोललास, दोन लोकरी मोज्यांत गुंडाळून सामानात घातलास. परक्याच्या शिमेत, म्हणजे हद्दीत, रिकाम्या हाताने जायचं नसतं, ती हद्द सांभाळणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि मगच पाऊल टाकायचं. प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी हे तूच करायचीस. पुरुषांनी करायचं काम बाई करते म्हणून कुणी कुरकुरलं तर म्हणायचीस, "माझ्याइतको आवाज आसा काय तुका? मगे घाल."

इराणात, दमावंदच्या पायथ्याशी गाडीरस्ता संपतो तिथे, खेचरांवर सामान लादत असताना, तू नारळ काढलास. पण आपला वाटाड्या रेझा, पन्नाशीचा, मोजकं इंग्रजी बोलणारा, हसून म्हणाला की हा तर नुसता रस्ता आहे, डोंगर वरच्या निवाऱ्यापासून सुरू होतो. तू लगेच नारळ परत मोज्यात घातलास. शीम जिथे सुरू होते तिथेच तो फुटायला हवा. दोन दिवसांनी आपण त्या दगडी निवाऱ्यात पोचलो. बाबल म्हणाला की देवाचा नारळ घामट बुटांच्या वासात ठेवायचा नाही. तुलाही पटलं. तू तो मोज्यातून काढलास आणि बाहेर एका स्वच्छ दगडावर ठेवलास, सकाळी फोडायला.

सहाही जणांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी पुस्तकं वाचणारी, इरफानभाई बर्फ बनवणारे. पण माडाखाली वाढलेल्या माणसाला नारळ बाहेर ठेवला तर त्याचं काही होईल असं वाटतच नाही.

उजाडताना बाबलची हाक आली. "सुलूताय! नारळ फुटलो!"

आपण सगळे बाहेर आलो. करवंटी उभी तडकली होती आणि चिरेतून बर्फ बाहेर आला होता. बाबल दगडावर बसून राहिला. रोज चाळीस फूट पाण्याखाली जाणारा तो माणूस पांढरा पडला होता.

"राखणदारान नको म्हणान सांगल्यान. मी वरती जावचंय नाय."

आणि मी, जी चार माणसांत तोंड उघडत नाही, ती नेमकी तेव्हा बोलले. "अरे, पाणी गोठला की फुगता. करवंटेत जागा नसता, म्हणान तडाकली."

"तू हंय शाळा घेव नको हां!"

"खरा बोलता ती," इरफानभाई म्हणाले. "माझ्याकडे रोज बाटल्ये फुटतत."

"तुमच्या बाटल्यांका राखणदार नसता, इरफानभाय!"

परब गुरुजी म्हणाले, आजचा दिवस थांबावं. परबबाई म्हणाल्या, मुळीच नाही. त्या दोघांचं वेगळं मत आपण प्रथमच ऐकलं. मी मात्र थांबले नाही. पाणी, बर्फ, त्यांची घनता, सगळं पहिल्यापासून समजावून सांगू लागले. जितकं सांगावं तितका बाबल घट्ट होत गेला. रेझा हातातल्या घड्याळाकडे आणि वर उन्हाकडे बघत होता. पाऊण तास असा गेला.

मग तू पुढे आलीस आणि नारळ उचललास.

"बाबल, हो नारळ कोणासाठी हाडलेलो?"

"राखणदारासाठी."

"मगे त्येना घेतल्यान. आमी उठासर वाट बघूक नाय, इतकोच. तुका राग कित्याचो? तुझ्या हातान फोडूचो रवलो म्हणान?"

बाबलने वर पाहिलं. तू त्याला विचार करायला वेळ दिला नाहीस. शिखराकडे तोंड केलंस आणि तुझा तो गाडीच्या टपापर्यंत पोचणारा आवाज लावलास, आणि आम्ही बाकीचे मागून साथ देऊ लागलो.

"बा दमावंदाच्या राखणदारा, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"दर्याकाठची सहा माणसां तुझ्या शिमेत इली आसत. तेंका तुझी भाषा येणा नाय, तुझी हवा सोसणा नाय, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तू नारळ घेतलंस. आता सहा चडतली आणि सहा उतरतली असां कर रे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" शेवटच्या वेळी त्यात रेझाचाही आवाज होता. इरफानभाईंनी आमीन म्हटलं. तू नारळातला बर्फ फोडून एकेक खडा सगळ्यांच्या हातावर ठेवलास, रेझाच्याही. चावून खायचं ते तीर्थ मी जन्मात विसरणार नाही. गोड होतं, आणि दातांना कळ लागली.

बूट बांधताना तू माझ्या कानाशी म्हणालीस, "तू खरा बोल्लंस. पण खऱ्याकपण येळ आसता गो."

"खरा ता कधीय खराच," मी म्हटलं. मला राग आला होता. उशीर मात्र आपल्या दोघींमुळेच झाला होता. नारळ तुझा, व्याख्यान माझं.

रेझाचा एकच नियम होता. दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. एकनंतर वर ढग येतात. आपण नेहमीसारखे निघालो, पुढे रेझा, मग मी, माझ्यामागे बाकीचे, शेवटी तू. तीस पावलं, पाच श्वास. तीस पावलं, पाच श्वास. दगड संपले, बर्फ लागला. तिथे एक धबधबा आहे जो वर्षानुवर्षं गोठलेला असतो. त्याच्या उंचीला आलो तेव्हा रेझाने घड्याळ पाहिलं आणि तो वळला.

त्याचं म्हणणं साधं होतं. या चालीने एकपर्यंत शिखर येत नाही. बाकीचे मोकळे चालले तर येईल. वरून एक तुकडी परत येत होती, तिचा वाटाड्या त्याचा मित्र होता. त्याच्याबरोबर मी खाली निवाऱ्यात जावं. सगळ्यांचंच भलं होईल.

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "मी जातंय खाली. तुमी जावा."

 बाबल बुटांकडे बघत राहिला. मग मागून बर्फ कुरकुरला. तू रांग सोडून पुढे येत होतीस. इतक्या वर्षांत तू कधी मागची जागा सोडली नव्हतीस.

"कोण खाली जाता?"

"मी. माझ्यामुळे सगळ्यांचा रवता."

"डोक्यात दुखता?"

"नाय."

"उलटी?"

"नाय."

"बोटां हलव. हलतत. मगे तिकीट शेवटपर्यंतचा काडलंस आणि मधीच कित्याक उतरतंस?"

"सुलूताय, पाच जणांचा शिखर माझ्या पायांर लाव नको."

तू मला उत्तर दिलं नाहीस. बाबलकडे वळलीस. "तुका काय होया? खरा सांग."

"माका वरती जावचा आसा," बाबल म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "तीन वर्सां मी ह्येच्यासाठी चडतंय."

"तीन वर्सां कोणाच्या मागसून चडतंस?"

त्याने बुटाने बर्फ उकरला.

"कोणाच्या?"

"हिच्या."

"मगे आज काय नवीन?"

इरफानभाई म्हणाले, "माका घाय नाय. बर्फ खंय पळान जाता?" परब दोघेही मान हलवून मोकळे झाले, पुन्हा एकमताने. तू परब गुरुजींकडून रेझाला इंग्रजीत सांगवलंस की एकच्या ठोक्याला तो म्हणेल तिथून सहाही जण मागे फिरू, एक अवाक्षर काढणार नाही. रेझाने बराच वेळ तुझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

मग तू माझी पाठपिशवी उतरवलीस. पाणी बाबलकडे, जादा कोट इरफानभाईंकडे, खाणं परबबाईंकडे. रिकामी पिशवी घडी करून स्वतःच्या पाठीवर बांधलीस. मागे गेलीस आणि तिथून आवाज आला, "टिंग टिंग!"

गाडी सुटायची ती घंटा. मी निघाले.

त्यानंतरच्या चढणीत मला तुझा इतका राग होता की थकवा कळला नाही. पाच माणसांचं वर्षानुवर्षांचं स्वप्न तू मला न विचारता माझ्या गुडघ्यांवर टाकलं होतंस. वजन नसल्यामुळे मी तीसऐवजी चाळीस पावलं टाकू लागले, मग पन्नास. वेग वाढला नाही, थांबणं कमी झालं. तू मागून मोजत होतीस. "टिंग" म्हणालीस की थांबायचं, "टिंग टिंग" म्हणालीस की चालायचं. वर गंधकाचे पिवळे दगड लागले. दगडांच्या फटींतून धूर येत होता आणि नासक्या अंड्यांसारखा वास. नाकाला रुमाल बांधला तरी घसा जळत होता. तिथे बाबल ओकला. पाण्याखाली श्वास राखणारा बाबल, तो गुडघ्यांवर आला.

मागून तुझा आवाज आला, "उठ मेल्या! काय बघू नको. तिच्या पायात पाय टाक."

तो उठला. माझ्या पावलाच्या खड्ड्यात तो पाऊल टाकत होता, मला त्याचा श्वास मानेवर ऐकू येत होता. त्या क्षणी मला कळलं की मी थांबले तर हा पुन्हा उठणार नाही. मी थांबले नाही.

आणि मग वर जायला काही उरलंच नाही.

रेझा बाजूला झाला आणि हाताने पुढे हो म्हणाला. मी चार पावलं टाकली. सुलूताय, शाळेत मी कधी पहिली आले नाही, धावण्यात, बोलण्यात, कशातच नाही. दमावंदच्या माथ्यावर मंडळातली पहिली मी होते. समोर बर्फाने भरलेला ज्वालामुखीचा खड्डा, कडेने पिवळे खडक, त्यांतून वर जाणारा धूर, आणि आपल्या पायांखाली चहूकडे ढग, ऊन पडलेले. बाबल आला आणि खाली बसून मोठ्याने रडू लागला. इरफानभाईंनी हात पसरून दुवा मागितली आणि मग दोन्ही मुठी बर्फ भरून घेऊन वेड्यासारखे हसले. परब दोघे एकमेकांचे चष्मे पुसत होते. सगळ्यात शेवटी तू आलीस, सावकाश, एकेक माणूस मोजत. सहा भरले तेव्हा कमरेवर हात ठेवलेस.

"शेवटचो थांबो! सगळ्यांनी उतरा. सामान इसरा नको!"

एक वाजायला वीस मिनिटं होती.

बाबल डोळे पुसत मला म्हणाला, "लायब्ररी, तुझ्या कोटाची पाठची शिलाय माका टाक्यानटाको पाठ झाली."

आपलं भांडण खालीच सुरू झालं, निवाऱ्यात, पहिला चहा पोटात गेल्यावर. मी विचारलं, "हवा बदलली असती तर?"

"बदलूक नाय."

"पण बदलली असती तर?"

"मगे सगळे खाली इले असते आणि चाय पिले असते. आता काय पितंस?"

"हवा बदलूक नाय," हेच मी पुढे तीन वर्षं ऐकलं. गाडीत, तुझ्या ओटीवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर. बाबल तुझ्या बाजूने साक्ष द्यायचा, आपल्या मनाने चाललो असतो तर गंधकाच्या आधीच आडवा झालो असतो, म्हणायचा. मी म्हणायचे, ते नंतर कळलं, निर्णय घेताना तुला कुठे ठाऊक होतं? तो जुगार होता. जुगार जिंकला म्हणून बरोबर ठरत नाही. आजही माझं तेच म्हणणं आहे. तू बरोबर होतीस असं मी या लेखातही लिहिणार नाही. फक्त इतकं लिहिते की माझ्यावर असा जुगार दुसऱ्या कुणी कधी खेळला नव्हता.

आणि आता ती न सांगितलेली गोष्ट.

परत आल्यावर आपल्याला शाळा-शाळांत बोलावू लागले. बोलायचीस तू. बर्फाच्या धबधब्यापाशी आलीस की माझ्याकडे बोट करून सांगायचीस, "हिना आमच्यासाठी आपला शिखर सोडूक घेतलेल्यान." पोरं टाळ्या वाजवायची. मी खाली बघायचे. सगळ्यांना तो माझा विनय वाटायचा.

मी तुमच्यासाठी काही सोडत नव्हते, सुलूताय. मी भ्यायले होते. त्या धबधब्यापाशी मी डावीकडे खाली पाहिलं होतं. उतार सरळ सुटला होता, मध्ये अडवणारं काही नव्हतं.  रेझा बोलला तेव्हा मला वाटलं, सुटले. म्हणूनच मी इतक्या लगेच हो म्हटलं. पहिल्या किल्ल्यावर पिशवीत पुस्तक घेऊन आले होते ना, तशीच.

तुला हे कळलं होतं का, मला माहीत नाही. गेल्या हिवाळ्यात कणकवलीची एक नवी मुलगी एका कड्यावर थिजली. तू तिला उचलून माझ्याही पुढे उभी केलीस. नंतर मला म्हणालीस, "भियालेल्या माणसाक पुढे ठेवूचा. मागे ठेवला तर ता हळूच घराक जाता." असं म्हणून तू पाण्याची बाटली तोंडाला लावलीस. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा ठरवून आले होते. तुला बोलताना धाप लागत होती. मी म्हटलं, "सुलूताय, त्या धबधब्याकडे—"

तू डोळे न उघडता हसलीस. "हवा बदलूक नाय," म्हणालीस.

तुला वाटलं, मी भांडायला आले आहे. मी तुझा हात धरून बसले आणि तुला तसंच वाटू दिलं.

परवाच्या रविवारी मंडळाच्या खोलीत सगळे जमले होते. तीसेक माणसं. तुझ्यासारखं बोलणं कुणाला जमत नाही, म्हणून बाबलने तुझीच गोष्ट सांगायला घेतली. धबधब्यापाशी आला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिना आमच्यासाठी—"

मी उभी राहिले. चार माणसांत न बोलणारी मी तीस माणसांत म्हणाले, "नाय. मी भियालेलंय. माका पळान जावचा होता. सुलूतायन जावक देवक नाय."

 बाबलने बोट खाली घेतलं. मग म्हणाला, "मगे? मी काय कमी भियालेलंय? नारळ बघून माझी चड्डी ढिली झालेली, ता विसारलंस?" आणि इरफानभाई हसले, परबबाई हसल्या, सगळी खोली हसली. तुझ्या फोटोसमोर इतकं हसावं की नाही कुणाला कळेना, पण थांबवता येईना.

खरं बोलायलाही वेळ असते, असं तू म्हणाली होतीस. माझी वेळ उशिरा आली. तू ऐकायला नव्हतीस, याचं मला फार वाईट वाटतं. तरी त्या दुपारी घरी चालत येताना माझी पाठ ताठ होती, हेही लिहून ठेवते.

त्या शिखरावर सहा जण उभे होते. आता आम्ही पाच जण आहोत. मंडळ चालू आहे, येत्या रविवारी चढाई आहे, नऊ नावं आली आहेत. त्यांत सगळ्यात सावकाश अजून मीच आहे.